लव्हलेसच्या घाटाची शिकारी सुरी: सोलापुरात पहिली सुरी घडवणाऱ्यांसाठी

पहिली सुरी कोणत्या घाटाची करावी, हा प्रश्न या कामात उतरणारा प्रत्येक जण विचारतो. माझं उत्तर ठरलेलं आहे: अमेरिकन सुरी-कारागीर रॉबर्ट लव्हलेस यांच्या ड्रॉप-पॉइंट हंटरच्या, म्हणजे टोक खाली उतरलेल्या शिकारी सुरीच्या, घाटाची. सिनेमात दिसतात तसले दुधारी खंजीर किंवा हातभर लांबीची पाती सुरुवातीला नकोत. लव्हलेसची सुरी लहान आहे, साधी दिसते, आणि तिच्यातली प्रत्येक रेषा कामाच्या गरजेतून आलेली आहे. ती नीट उतरवली की हात आणि डोळा दोन्ही तयार होतात.

लव्हलेस यांचा जन्म १९२९चा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या वॉरनचा. १९५३च्या सुमारास ते मालवाहू जहाजावर काम करत होते. न्यूयॉर्कच्या ॲबरक्रॉम्बी अँड फिच या दुकानात त्यांनी रँडल कंपनीची सुरी मागितली, तेव्हा नऊ महिने थांबावं लागेल असं कळलं. मग त्यांनी नेवार्कच्या भंगारातून १९३७ सालच्या पॅकार्ड मोटारीचं पोलाद मिळवलं आणि जहाजाच्या स्वयंपाकघरातल्या तेलाच्या शेगडीवर तापवून स्वतःची सुरी घडवली. पुढे घडाई सोडून ते तयार पट्टीतून नको तेवढं पोलाद घासून काढण्याच्या पद्धतीकडे वळले. सुरी करणाऱ्यांची संघटना (गिल्ड) १९७०मध्ये उभी राहिली, तिच्या संस्थापकांत ते होते. कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडला त्यांचं वर्कशॉप होतं आणि २०१०मध्ये त्यांचं निधन झालं. आज जगात कुठेही हाताने शिकारी सुरी करणारा माणूस त्यांच्या रेषेला कधी ना कधी हात लावतोच.

घाट असा का

या सुरीची पाठ मुठीपासून टोकाकडे जाताना हळूहळू खाली उतरते. त्यामुळे टोक पाठीच्या रेषेत न राहता पात्याच्या मध्याकडे येतं. जनावराचं पोट उघडताना वर उचललेलं टोक आतड्याला लागतं आणि सगळं मांस खराब होतं. खाली आलेलं टोक बोटाच्या ताब्यात राहतं. धारेला मोठं पोट दिलेलं असतं, त्यामुळे कातडं सोलताना पातं सरकतं, अडकत नाही.

आपल्याकडे शिकार नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२चा आहे आणि सोलापूरकरांना तर नान्नजचं माळढोक अभयारण्य हाकेच्या अंतरावर आहे, तेव्हा हे वेगळं सांगायला नको. पण जत्रेचा बकरा, उस्मानाबादी बोकड, धनगरवाड्यावरची मेंढी यांचं सोलणं आणि साफ करणं हेच काम इथे वर्षभर चालतं. त्या कामाला ही सुरी अगदी योग्य आहे. शिवाय रानात दोरी कापायला, फांदी तासायला, हुरड्याच्या दिवसांत सोबत ठेवायला ती उपयोगी पडते.

कायद्याचं आत्ताच सांगून टाकतो. शस्त्र नियम २०१६नुसार ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची सुरी शस्त्रांच्या यादीत येते. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली अवजारं त्यातून वगळलेली आहेत. आपलं पातं ४ इंचांच्याही आत आहे. तरीही सुरी कमरेला लावून शहरात फिरायचं नाही. निवडणूक, मोर्चा, यात्रा अशा काळात पोलीस आयुक्तालयाचे मनाईआदेश निघतात आणि त्यांत चाकू-सुऱ्या बाळगण्यावरही बंदी असते. रानात नेताना पिशवीत, म्यानात घालून न्या. दुधारी पातं करूच नका. विकण्याचा विचार असेल तर आधी पोलीस ठाण्यात परवान्याची चौकशी करा.

आधी कागद

पोलादाला हात लावण्याआधी चित्र काढा. पहिल्या सुरीसाठी ही मापं धरा: पातं ९५ मिमी, मूठ ११० मिमी, पात्याची रुंदी २७ मिमी, पोलादाची जाडी ४ मिमी. पाठ साधारण अर्ध्या पात्यापर्यंत सरळ ठेवा आणि मग एकाच सलग वळणात खाली आणा. या वळणात कुठेही कोपरा किंवा सपाट तुकडा दिसता कामा नये. धार पहिल्या अर्ध्यात जवळजवळ सरळ असते आणि पुढे भरदार गोलाई घेत टोकाला मिळते. मुठीच्या पुढच्या टोकाला तर्जनीसाठी खोलगट जागा, मध्ये तळहात भरेल असा फुगवटा आणि मागे करंगळीच्या खाली थोडं झुकलेलं टोक ठेवा. ते ओल्या, रक्ताळलेल्या हातातून सुरी निसटू देत नाही.

हे चित्र जाड पुठ्ठ्यावर चिकटवून कापा, मग ३ मिमी प्लायवुडमधून काढा. ती लाकडी सुरी हातात धरून कामाची नक्कल करा: सोलण्याची, कापण्याची, टोक खाली धरून ओढण्याची. कुठे टोचतं, कुठे बोट पुरत नाही, ते इथेच कळतं. मूठ प्रत्येकाच्या पंजाप्रमाणे बदलते, तेव्हा दुसऱ्याचं माप जसंच्या तसं घेऊ नका. मला विचाराल तर या टप्प्यावर घालवलेली संध्याकाळ पुढचे कितीतरी तास वाचवते.

कोणतं पोलाद घ्यावं

सोलापूर हैदराबाद, पुणे आणि विजयपूरच्या महामार्गांवर बसलेलं शहर आहे. ट्रकचे कमान पाटे इथे गॅरेजागॅरेजात पडलेले असतात आणि लोहार त्यांतूनच कोयते-कुऱ्हाडी घडवतात. लव्हलेस यांची पहिली सुरीसुद्धा भंगारातल्या मोटारीच्या पोलादाची होती, त्यामुळे पाट्याचा मोह होणारच. तरी पहिल्या सुरीला तो टाळा. वापरलेल्या पाट्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक भेगा असू शकतात, त्या पाणी पाजताना, म्हणजे तापवून तेलात बुडवून कडक करताना, उघडतात. कोणत्या जातीचं पोलाद आहे ते कळत नाही, म्हणून किती तापवायचं तेही अंदाजानेच. शिवाय तो जाड आणि वाकडा असतो, ४ मिमीवर आणण्यातच जीव जातो.

त्याऐवजी ओएचएनएसची नवी पट्टी घ्या. डाय आणि पंच बनवणाऱ्या प्रत्येक वर्कशॉपला हे पोलाद माहीत असतं. तेलात कडक होणारं, कडक होताना फार न वाकणारं असं ते आहे. त्यात कार्बन ०.९ टक्क्याच्या आसपास असतो, म्हणजे धार चांगली धरते. पट्टी नरम अवस्थेत मिळते, त्यामुळे कानशीने सहज घासता येते. अक्कलकोट रोड किंवा चिंचोळीच्या एमआयडीसीत टूलरूमवाल्यांकडे विचारा. तिथे नाही मिळालं तर पुणे-मुंबईचे टूल स्टीलवाले कापून पाठवतात. ४ मिमी जाड, ३० मिमी रुंद, २५० मिमी लांब पट्टी पुरे.

लव्हलेस यांनी १९७०च्या दशकात १५४सीएम हे न गंजणारं पोलाद सुऱ्यांत आणलं. ते हजार अंशांच्या वर नेमक्या तापमानाच्या भट्टीत कडक करावं लागतं. घरी करण्यासारखं ते नाही.

कापणी आणि कानस

हत्यारं मोजकी लागतात: पक्का व्हाइस, हॅक्सॉ, १२ इंची बास्टर्ड (मध्यम जाड दातांची) कानस, एक बारीक कानस, एक गोल कानस, ड्रिल, मार्किंगची सुई, ८० ते ६०० नंबरचे एमरी पेपर. हँड ग्राइंडर असेल तर कापायला वापरा, पण घाट त्याच्यावर सोडू नका. यंत्र चूकसुद्धा झपाट्याने करतं आणि घासून गेलेलं पोलाद परत येत नाही.

पट्टीवर निळी मार्किंग शाई किंवा जाड मार्कर फासा, प्लायवुडचा साचा दाबून धरा आणि सुईने रेषा ओढा. रेषेच्या बाहेर २ मिमी ठेवून हॅक्सॉने कापा. वळणाच्या जागी शेजारी-शेजारी ड्रिलची भोकं पाडून तुकडा तोडता येतो. मग कानशीने रेषेपर्यंत या. कानस पुढे जाताना दाबायची, मागे येताना उचलायची. दातांत कीस अडकू नये म्हणून आधी खडू घासून घ्या आणि मधूनमधून तारेच्या ब्रशने साफ करा. डोळ्यांवर चष्मा आणि नाका-तोंडावर मास्क पहिल्या मिनिटापासून हवा.

पाठीचं वळण तपासायला सुरी उजेडाकडे धरून टोकाकडून मुठीकडे पाहा. उंचवटा लगेच दिसतो. बोट फिरवूनही कळतं. ते दिसायचं थांबेपर्यंत पुढे जाऊ नका.

मुठीच्या दोन बाजूंच्या पट्ट्या पोलादाला जोडणाऱ्या पिना ५ मिमी पितळी सळईच्या घ्या. त्यांची भोकं आत्ताच पाडा, कडक झाल्यावर साधं ड्रिल चालणार नाही. भोकं ५.१ किंवा ५.२ मिमीची ठेवली तर पुढे पिना सहज बसतात. लव्हलेस मूठ आट्यांच्या बोल्टांनी आवळत. तसले बोल्ट लेथवाला पितळेत करून देतो, पण पहिल्या सुरीला साध्या पिना आणि अरल्डाइट भरपूर झालं.

मागे पातळ होत जाणारा टँग

मुठीत जाणारा पोलादाचा भाग म्हणजे टँग. लव्हलेसच्या सुरीत तो मुठीच्या पूर्ण घेराचा असतो, पण पुढून मागे जाताना पातळ होत जातो. इथे ४ मिमीपासून सुरू होऊन मागच्या टोकाला २ मिमीपर्यंत. यामुळे मागचं वजन कमी होतं आणि सुरीचा तोल तर्जनीपाशी येतो. नवखे लोक हे काम टाळतात, कारण मूठ बसल्यावर बाहेरून ते फारसं दिसत नाही. हातात धरल्यावर मात्र फरक कळतोच, म्हणून ते कराच.

आधी टँगच्या मागच्या कडेवर मधोमध रेषा ओढा आणि तिच्या दोन्ही बाजूंना १ मिमीवर खुणा करा. मग टँगच्या दोन्ही बाजूंना मध्यभागी ग्राइंडरने उथळ खोलगट भाग काढा, कडा न शिवता. आता सपाट करायला फक्त कडा उरतात, काम निम्म्यावर येतं. जाड काचेवर किंवा पॉलिश केलेल्या ग्रॅनाइटच्या तुकड्यावर ८०चा एमरी पेपर चिकटवा आणि टँग त्यावर घासा, दाब मागच्या टोकाकडे ठेवून. शहाबादी फरशी या कामाला चालत नाही, ती दिसते तेवढी सपाट नसते. दोन्ही बाजू आळीपाळीने घ्या, मधली रेषा मध्येच राहिली पाहिजे.

उतार काढणे

उतार म्हणजे पाठीकडून धारेकडे पातळ होत जाणारी पात्याची बाजू. लव्हलेसची पाती मोठ्या चाकावर घासून दोन्ही बाजूंनी किंचित खोलगट केलेली असतात. त्यासाठी बेल्ट ग्राइंडर आणि सरावलेला हात लागतो. आपण सपाट उतार काढू. तोही उत्तम कापतो आणि कानशीने अचूक निघतो.

धारेच्या कडेवर मधली रेषा ओढायची युक्ती अशी. सपाट काचेवर पातं आडवं ठेवा, शेजारी ४ मिमीचं ड्रिल बिट ठेवा. बिटचं टोक बरोबर २ मिमी उंचीवर येतं. शाई लावलेल्या कडेवरून ते सरकवा, मग पातं उलटून पुन्हा सरकवा. दोन रेषा उमटल्या तर त्यांच्या मधोमध तुमचा मध्य. त्या मध्याच्या दोन्ही बाजूंना थोडी जागा सोडा, म्हणजे धारेवर ०.७ मिमी जाडी शिल्लक राहील. याहून पातळ केलंत तर तेलात बुडवताना धार लाटेसारखी वाकते किंवा फाटते.

पातं टँगच्या भोकांतून स्क्रू घालून पक्क्या फळीवर बसवा आणि फळी व्हाइसमध्ये धरा. धारेपासून २० मिमी उंचीवर पाठीला समांतर रेषा ओढा. उतार तिथपर्यंत न्यायचा आहे. आधी धारेजवळ ४५ अंशांत कड मोडा, मग कोन हळूहळू पाडत वर जा. मुठीजवळ उतार जिथे थांबतो तिथे गोल कानशीने स्वच्छ वळण काढा. दोन्ही बाजूंची ही जागा समोरासमोर आली पाहिजे. लव्हलेसच्या कामाची ओळख मला तिथेच पटते: पातं पाठीकडून पाहिलं तर डावी-उजवी बाजू एकमेकींचं प्रतिबिंब असते. दर थोड्या वेळाने बाजू बदला. एक बाजू पूर्ण करून मग दुसरीकडे वळलात तर जुळवणं कठीण जातं.

शेवटी कानस आडवी धरून पात्याच्या लांबीने ओढा, आडव्या खुणा निघून जातात. त्यानंतर लाकडाच्या ठोकळ्यावर गुंडाळलेला १२० आणि मग २२०चा पेपर फिरवा. खोल ओरखडा राहिला तर कडक करताना तिथूनच भेग सुरू होऊ शकते, म्हणून इथे घाई नको. मुठीजवळचे आतले कोपरेही गोल करून घ्या.

पाणी पाजणे

सुरीचा जीव इथे आहे. घाट कितीही देखणा असो, हे बिघडलं तर हातात लोखंडाची पट्टी उरते.

सोपा मार्ग आधी सांगतो, आणि माझा सल्ला तोच आहे: एमआयडीसीत डाय-टूलचं काम करणाऱ्यांना विचारा की ते आपला माल कुठे कडक करून घेतात. त्यांच्या लॉटबरोबर तुमचं पातं जाऊ शकतं. फक्त पोलादाचं नाव ओएचएनएस सांगा आणि टेंपरनंतर (कडक पातं हलकं तापवून ठिसूळपणा कमी केल्यानंतर) ५९-६० रॉकवेल कडकपणा मागा.

स्वतःच करायचं असेल तर मोकळ्या अंगणात करा. कोळशाच्या धुरातला वायू बंद खोलीत जीवघेणा ठरतो. भट्टीच्या विटांचा लहान चौकोन, खालून ब्लोअरची नळी, वर बाभळीचा कोळसा. निखाऱ्यात लोखंडी पाइपचा तुकडा आडवा ठेवा आणि पातं त्या पाइपात तापवा. थेट निखाऱ्यात ठेवलं तर टोक जळून जातं आणि मुठीकडचा भाग काळाच राहतो.

वेळ संध्याकाळची, सूर्य मावळल्यानंतरची निवडा. सोलापूरच्या उन्हात तापलेलं पोलाद खरं असतं त्यापेक्षा थंड दिसतं, आणि मग माणूस ते जास्त तापवत जातो. चुंबक जवळ ठेवा. साधारण ७७० अंश सेल्सियसला पोलाद चुंबकाला चिकटायचं थांबतं. ओएचएनएसला ८०० अंशांच्या आसपास हवं असतं, म्हणजे चुंबक सुटल्यावर रंग आणखी थोडा उजळू द्या आणि त्याच रंगावर पाचेक मिनिटं धरून ठेवा. पिवळ्याकडे झुकला तर जास्त झालं. तसं पातं बाहेर काढा, हवेत काळं होऊ द्या आणि पुन्हा तापवा.

तेल आधीच तयार हवं. शेंगदाणा, करडई, सोयाबीन, कोणतंही खाद्यतेल चालतं, निदान ४-५ लिटर. वापरलेलं इंजिन ऑइल नको, त्याचा धूर विषारी असतो. भांडं लोखंडी, उभट आणि घट्ट झाकणाचं घ्या, प्लास्टिकचं मुळीच नको. एक लोखंडी सळई लाल करून तेलात बुडवा, तेल ५०-६० अंशांवर येतं. कोमट तेल थंड तेलापेक्षा लवकर उष्णता ओढतं, कारण ते पातळ होतं. पातं टोकाकडून सरळ उभं आत न्या आणि फक्त वर-खाली हलवा. बाजूला हलवलंत तर वाकतं. वर ज्वाळा उठेल, म्हणून लांब सांडस, चामडी हातमोजे आणि सुती कपडे हवेत. आग लागली तर झाकण टाका किंवा वाळू. पाणी अजिबात नाही, पेटत्या तेलावर पाणी पडलं की ते उसळतं. अंगणात मुलं नकोत.

हाताला सोसेल इतकं थंड झाल्यावर धारेवर जुनी कानस हलकेच फिरवा. ती घसरली तर पोलाद कडक झालं. धरून कीस काढू लागली तर तापमान कमी पडलं, तेव्हा पुन्हा तापवा.

या अवस्थेत पातं काचेइतकं ठिसूळ असतं. खाली पडलं तर तुटेल. लगेच ओटीजीत (घरगुती विजेच्या ओव्हनमध्ये) २०० अंशांवर दोन तास ठेवा, बाहेर काढून थंड होऊ द्या आणि पुन्हा दोन तास. ओटीजीच्या बटणावर विश्वास ठेवू नका, आत वेगळा ओव्हन थर्मामीटर ठेवा. आधी पात्याचा एक भाग घासून चकचकीत केलात तर त्यावर कडब्यासारखा फिकट पिवळा रंग चढलेला दिसतो. निळा दिसला तर टेंपर जास्त गेलं, धार लवकर बोथट होईल. मग पुन्हा कडक करण्यावाचून इलाज नाही.

यापुढे पातं कधीही चटका बसेल इतकं गरम होऊ द्यायचं नाही. ग्राइंडरवर घ्यावंच लागलं तर उघड्या हाताने धरा आणि दर वेळी पाण्यात बुडवा. उरलेलं काम हाताने, २२०पासून ६००पर्यंत, सगळे घासे मुठीकडून टोकाकडे एकाच दिशेने.

मूठ

सांबर-चितळाची शिंगं विसरून जा. जंगलात गळून पडलेलीसुद्धा घेणं-विकणं गुन्हा आहे. म्हशीचं शिंग चालतं, ते पॉलिशला सुंदर येतं, पण आपल्या उन्हाळ्यात आकसतं. शिसव उत्तम. बाभूळ जड, चिवट आणि इथल्या शेतकऱ्याच्या हाताला ओळखीची. लाकूड कोणतंही घ्या, ते निदान वर्षभर वाळलेलं असावं.

माझी आवड मात्र वेगळी आहे. लव्हलेस मुठीला हिरवं कॅनव्हास मायकार्टा फार वापरत. मायकार्टा म्हणजे कापडाचे थर राळेत भिजवून दाबलेली फळी. चादर-टॉवेलच्या गावात हे घरी करण्यासारखं दुसरं काही नाही. यंत्रमागवाल्यांकडे सुती चादरीचे उरलेले तुकडे मिळतात. धुऊन, कडक वाळवून त्यांचे १५० बाय ५० मिमीचे तुकडे कापा. हळू सुकणारी इपॉक्सी राळ लावत एकावर एक रचा. चादरीचं कापड जाड असतं, म्हणून थर मोजत बसू नका. दाबल्यावर ८-९ मिमी जाडी राहिली पाहिजे. दोन फळ्यांमध्ये प्लास्टिकचा कागद घालून क्लँप आवळा आणि पूर्ण एक दिवस ठेवा. अशा दोन पट्ट्या लागतील. घासल्यावर चादरीच्या रंगांच्या लहरी मुठीवर उमटतात. ही मूठ ओल्या हातात घसरत नाही, आकसत नाही, पावसाळ्यात फुगत नाही. घासताना मास्क हवाच, राळेची धूळ फुप्फुसांना वाईट.

पट्ट्यांची आतली बाजू काचेवर सपाट करा. पुढची टोकं, पात्याकडची, चिकटवण्याआधीच गोल करून पॉलिश करून घ्या. नंतर ती घासायला गेलात तर पात्यावर ओरखडे येतील. भोकं पाडताना एक गोष्ट लक्षात ठेवा: टँग पातळ होत गेल्यामुळे त्याच्या दोन बाजू समांतर नाहीत. मागच्या टोकाखाली पातळ पाचर घालून टँगचा मध्य ड्रिलच्या काटकोनात आणा, नाहीतर पिना तिरक्या बसतील.

टँग आणि पट्ट्या खरखरीत करा, थिनरने पुसा, अरल्डाइट लावा, पिना घाला, क्लँप बेताने आवळा. फार आवळलंत तर सगळी राळ बाहेर येते आणि जोड कोरडा पडतो. एप्रिल-मेमध्ये हे काम सकाळी लवकर उरका, दुपारी राळ हातातच घट्ट होऊ लागते. पात्यावर आलेला थेंब ओला असतानाच पुसा. दुसऱ्या दिवशी पात्याला चिकटपट्टी गुंडाळून मुठीला आकार द्या: आधी कानस, मग पेपर. मध्ये भरदार, तर्जनीपाशी बारीक. दर काही मिनिटांनी डोळे मिटून हातात धरा.

धार, नाव आणि म्यान

धारेला १००० आणि मग ३०००चा दगड. कोन प्रत्येक बाजूला साधारण २० अंश. दगडावर पातं सपाट ठेवून पाठ उचलत जा. अशा पात्याची पाठ ९-१० मिमी उचलली की कोन आला. एका बाजूला घासत राहा, दुसऱ्या बाजूच्या पूर्ण कडेला पोलादाची बारीक उलटलेली कड, म्हणजे शीर, बोटाला लागेपर्यंत, टोकापासून मुठीपर्यंत. मग बाजू बदला. शेवटी चामड्याच्या पट्टीवर धार मागे ओढून शीर काढा.

लव्हलेस यांच्या नावाची किंवा खुणेची नक्कल पात्यावर करू नका. त्यांच्या बनावट सुऱ्यांनी खऱ्या कामाचं पुष्कळ नुकसान केलं आहे. घाट त्यांच्याकडून घ्या आणि नाव तुमचं, पाणी पाजण्याआधी पंचने ठोकलेलं.

म्यान त्यांच्याच पद्धतीचं करा: खोल, पिशवीसारखं, मूठ अर्ध्याहून जास्त आत जाणारं, बटण किंवा पट्टा नसलेलं. ओल्या कातड्याला सुरीचा आकार दिला की घट्टपणानेच ती आत राहते. कातडं ३ मिमी जाड, झाडाच्या सालीत कमावलेलं हवं. कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरड्यात कमावतात, आणि त्या चपलेच्या भौगोलिक मानांकनाच्या क्षेत्रात सोलापूर जिल्हाही आहे, तेव्हा चपला करणाऱ्या कारागिरांकडे चौकशी करा. क्रोमने कमावलेलं मऊ कातडं घेऊ नका, त्यातल्या क्षारांनी पातं गंजतं. धारेच्या बाजूने शिवणीत कातड्याची जादा पट्टी घाला, नाहीतर सुरी स्वतःचाच दोरा कापेल. आरीने भोकं आधी पाडा आणि मेण लावलेल्या दोऱ्याने दोन सुयांची शिवण घाला. आकार देताना पात्याला तेल लावून प्लास्टिकमध्ये गुंडाळा, मग ओल्या म्यानात दाबून बसवा.

ओएचएनएस गंजतं. मटण कापून झालं की लगेच धुवा, पुसा, खोबरेल तेलाचा हात फिरवा. लिंबू-चिंचेने पातं काळसर पडतं, त्यात बिघडलेलं काही नसतं. घरी ठेवताना सुरी म्यानाबाहेर, कापडात गुंडाळून ठेवा. जून ते सप्टेंबरमध्ये दर आठवड्याला एकदा उघडून बघा आणि ठिपका दिसला तर तेल लावलेल्या ६००च्या पेपरने लांबीच्या दिशेने पुसून काढा.